आमची वाटचाल : डार्करूममधल्या एन्लार्जरपासून नाण्यांच्या छायाचित्रणापर्यंत

नाशिक म्हटले की बाहेरच्या माणसाला नोटांचा छापखाना आठवतो. नाण्यांशी या जिल्ह्याचे नाते मात्र त्याहून फार जुने आहे. जोगळटेंभी येथे 1906 साली क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो साठा सापडला, त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटवलेली होती. मराठेशाहीत चांदवडला टांकसाळ होती, अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, आणि जुन्या घरांतून लक्ष्मीपूजनाला ताटात मांडले जाणारे राणीछाप रुपये तर गल्लोगल्ली निघतात. अशा गावात आमचा वडिलोपार्जित फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम यांवर चालणारे ते काम मोबाइल कॅमेऱ्यांनी हळूहळू ओढून नेले, तेव्हा परिचयातील एका संग्राहकाने आपल्या संग्रहाची सचित्र नोंदवही करून मागितली आणि तिथून आमच्या आजच्या व्यवसायाची सुरुवात झाली.

त्या वेळी भांडवल म्हणण्यासारखे काही नव्हते. विकत आणण्याजोगा मोठा कॅमेरा परवडणारा नव्हता आणि अगदी जवळून टिपणाऱ्या खास मॅक्रो लेन्सची किंमत ऐकून तो विषय आम्ही तिथेच सोडून दिला. हाताशी होता तो वडिलांच्या डार्करूममधला, फिल्मचा जमाना संपल्यावर माळ्यावर गेलेला एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर उतरवणारे यंत्र. त्याचे दिव्याचे डोके काढून टाकले की उरतो तो एक जड लाकडी पाट, त्यावर घट्ट उभा असलेला लोखंडी खांब आणि मूठ फिरवून वर-खाली होणारी पकड. नाण्यावर कॅमेरा सरळ खाली तोंड करून स्थिर धरायला याहून उत्तम साधन बाजारात भरपूर पैसे मोजूनही सहज मिळत नाही. पकडीला लोखंडी पट्टी बसवून घेण्याचे काम आमच्या शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने चहाच्या बोलीवर करून दिले.

लेन्ससुद्धा एन्लार्जरचीच वापरली, आणि हा निर्णय केवळ काटकसरीचा नव्हता. एन्लार्जरची लेन्स सपाट निगेटिव्हची प्रतिमा सपाट कागदावर कडेपर्यंत रेखीव उतरवण्यासाठीच घडवलेली असते, आणि नाणे ही जवळजवळ सपाट वस्तू असल्यामुळे मध्यभागी राजाचा चेहरा स्पष्ट आणि काठावरचा लेख पुसट, अशी तक्रार तिच्यात उद्भवत नाही. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने क्षत्रपांचे इवलेसे नाणे पूर्ण चौकटीत घ्यायचे तर लेन्स नाण्याच्या इतकी जवळ येते की दिव्याचा प्रकाश आत शिरायला वाट राहत नाही. म्हणून आम्ही पंचाहत्तर मिलिमीटरची लेन्स शोधून काढली. तिच्यामागे आटे (थ्रेड) असलेले अ‍ॅडॉप्टर आणि लांबी कमी-जास्त करणारी नळी लावली, आणि त्यामागे जुना, वापरलेला अठरा मेगापिक्सेलचा कॅमेरा. कॅमेरा सोडला तर बाकी सगळा संसार दहा हजारांच्या आत उभा राहिला.

नवीन मंडळी नेहमी विचारतात की लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र जितके बारीक तितका फोटो स्पष्ट नाही का येणार? जवळून टिपताना हे गणित बदलते. नाणे आणि त्याची सेन्सरवरची प्रतिमा एकाच आकाराची झाली की लेन्सवरचा छिद्राचा आठचा आकडा (आकडा मोठा तितके छिद्र बारीक) प्रत्यक्षात सोळासारखा वागू लागतो, आणि त्याहून बारीक गेल्यास प्रकाश छिद्राच्या कडेवर पसरून साऱ्या प्रतिमेचीच धार बोथट होते. म्हणून आम्ही 5.6 ते 8 यांच्या पलीकडे जात नाही. कॅमेरा नाण्याला खरोखर समांतर आहे की नाही, हे पाहण्याची आमची पद्धत मात्र अगदी साधी आहे: नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवायचा आणि पडद्यावर पाहायचे. लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यात दिसले, तर कॅमेरा सरळ आहे.

या धंद्यातील खरी मेहनत प्रकाशात आहे, आणि पैसा खर्च करायचाच असेल तर तो कॅमेऱ्यावर न करता दिव्यांवर करावा, असे माझे ठाम मत आहे. घरात लावतो ते साधे एलईडी बल्ब तांब्याचा रंग कधी विटकरी, कधी हिरवट दाखवतात. रंग खरे दाखवण्याची क्षमता (सीआरआय) शंभरपैकी पंच्याण्णवच्या वर असलेले बल्ब थोडे महाग पडतात, पण चांदीवर वर्षानुवर्षे चढलेली निळसर-सोनेरी छटा त्यांच्याखालीच जशीच्या तशी उतरते. वाकणाऱ्या मानेचे दोन टेबललॅम्प, त्यांत हे बल्ब, आणि घड्याळाच्या दहा व दोनच्या जागी त्यांची मांडणी, एवढ्यावर आमचे निम्म्याहून अधिक काम होते. बटरपेपर लावून प्रकाश मऊ करण्याचा मोह फार होतो. परंतु न वापरलेल्या चांदीच्या रुपयावर, तो हातात फिरवताना, जी चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, ती चारी बाजूंनी आलेल्या मऊ प्रकाशात मरून जाते आणि कोरे नाणे वापरलेल्यासारखे दिसू लागते, ज्यामुळे विकणाऱ्याचे नुकसान होते. झिजलेल्या किंवा आरशासारख्या गुळगुळीत नाण्यासाठी आम्ही फोटोफ्रेमची पातळ काच पंचेचाळीस अंशांत तिरपी धरतो. बाजूने आलेला दिव्याचा प्रकाश काचेवरून वळून नाण्यावर सरळ खाली पडतो आणि कॅमेरा त्याच काचेतून पाहतो. सपाट भाग उजळतो, उतार काळे पडतात आणि बोटाने चाचपूनही न लागणारी अक्षरे वर येतात.

शिवराईचे उदाहरण घेतले म्हणजे हे चांगले लक्षात येईल. तांब्याच्या या नाण्यावर एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’ असा लेख असतो, भोवती ठिपक्यांचे कडे असते, आणि नाणे हाताने ठोकलेले असल्यामुळे लेखाचा काही भाग हमखास काठाबाहेर गेलेला असतो. संग्राहकाला त्यात पाहायचे असते ते हेच की अक्षर ‘शि’ आहे की ‘सि’, वेलांटी ऱ्हस्व आहे की दीर्घ, आणि ठिपके किती उरले आहेत. वेलांटीची रेघ ज्या दिशेने जाते त्याच दिशेने प्रकाश आला तर ती दिसेनाशी होते. म्हणून दिवा स्थिर ठेवून नाणे थोडेथोडे फिरवायचे आणि रेघेची सावली ज्या ठिकाणी सर्वांत ठळक पडेल तिथे थांबायचे. फोटो सरळ केल्यावर प्रकाश वरून आलेला दिसला पाहिजे, हेही पाहावे लागते. तो खालून आल्यास डोळा फसतो आणि उठावाची अक्षरे खोदल्यासारखी वाटतात. नहपानाच्या पुनर्मुद्रित नाण्यांना तर एक फोटो पुरतच नाही. एका प्रकाशात सातकर्णीची वरची मुद्रा दिसते, आणि तिच्याखाली दबलेला नहपानाचा चेहरा व ग्रीक अक्षरे टिपण्यासाठी प्रकाश दुसऱ्या बाजूने आणून वेगळा फोटो घ्यावा लागतो.

गिऱ्हाइके वाढली ती बहुतेक तोंडी शिफारशीवर. आरंभी संग्राहक, मग नाण्यांचे व्यापारी, पुढे लिलावाच्या याद्या छापणारे, आणि दिवाळीच्या सुमारास आजीच्या डब्यातील रुपये घेऊन येणारी सामान्य कुटुंबे. या शेवटच्या मंडळींना आमची पहिली विनंती असते की नाणी घासू नका. चिंचेने, लिंबाने किंवा राखेने लखलखीत केलेले नाणे देवघरात शोभेल, पण घासल्याने त्यावर पडलेल्या बारीक रेघा आमच्या दिव्याखाली लपत नाहीत आणि त्याची किंमतही उतरते. पंचम जॉर्जचा 1911 सालचा रुपया क्वचित एखाद्याकडे निघतो. राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाल्यामुळे तो परत घेण्यात आला आणि 1912 पासून हत्तीची सोंड सुधारून नवे रुपये पाडले गेले. तो हत्ती तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो, त्यामुळे पडद्यावर मोठा करून दाखवला की घरातील सगळी माणसे वाकून पाहतात.

एक नियम आम्ही पहिल्यापासून पाळला आहे. संगणकावर आम्ही केवळ कातरणे, करड्या पट्टीच्या आधारे रंग जुळवणे आणि किंचित धार देणे एवढेच करतो. ओरखडा, डाग, काठावरची खाच यांना हात लावत नाही. एका विक्रेत्याने राणीच्या गालावरील चीर पुसून देण्यासाठी दुप्पट दर देऊ केला होता. ते काम आम्ही नम्रपणे परत केले, आणि त्याच्याकडून पुढे काम आले नाही. नाणे अस्सल असल्याचा दाखलाही आम्ही देत नाही. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्यावरील बुडबुड्यांचे खड्डे किंवा काठावरचा जोड फोटोत दिसत असेल तर तो तसाच दिसू देतो, त्याचा अर्थ जाणकाराने लावावा.

शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तूंत मोडतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्यामुळे परदेशांतील मराठी संग्राहक आणि अभ्यासक यांच्यापर्यंत पोहोचतो तो फोटोच, आणि त्यावरूनच त्यांना वजन, व्यास आणि लेखाची जागा ताडून पाहावी लागते. म्हणून आमच्या प्रत्येक फोटोखाली मिलिमीटरची पट्टी असते, वजन ग्रॅममध्ये दिलेले असते, आणि फारसी लेखाच्या रुपयांसाठी टेबलावर एक तक्ता चिकटवलेला आहे, जेणेकरून बादशहाचे नाव उलटे छापले जाऊ नये. छापील याद्यांतून असे उलटे रुपये आजही दिसतात.

आज या कामात आम्ही पती-पत्नी आणि दोन सहायक आहोत. कॅमेरा बदलला, खांब मात्र तोच आहे. खाली रस्त्यावरून बस गेली की प्रतिमा हलते, म्हणून तो पाट आता खोलीच्या मध्यातून हलवून मुख्य भिंतीला टेकवला आहे, आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल अशी व्यवस्था आहे. आमचा दर एका नाण्यामागे, दोन्ही बाजूंचा मिळून, आकारला जातो. अभ्यासासाठी आलेल्या विद्यार्थ्यांकडून निम्मा घेतो. सध्या नाण्याच्या काठावरील दातेरी रेघा एकाच लांब पट्टीत टिपण्याची खटपट चालू आहे. त्यासाठी जुन्या रेकॉर्डप्लेअरची तबकडी हाताने सावकाश फिरवतो, आणि तिचा वेग एकसारखा कसा राखावा हे अजून जमलेले नाही.