कोणता राजाराम?

माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीपासून एक पॉडकास्ट चालवायला घेतला आहे आणि त्याचा नियम एकच आहे: येणाऱ्या पाहुण्याचे नाव राजाराम असले पाहिजे. वय, गाव, शिक्षण, धंदा यांतल्या कशाचीही अट नाही. पहिल्या भागासाठी त्याला घराबाहेर पडण्याचीही गरज नव्हती, कारण मी त्याचा सख्खा मामा असून माझे नाव राजारामच आहे. तरीही त्याने मला मागे ठेवले. "पहिलाच घरचा माणूस घेतला तर लोक म्हणतील, ह्याला दुसरं कोण गावलं न्हाई," असे त्याचे म्हणणे पडले आणि ते मला पटले.

कल्पना आपली स्वतःची नव्हे, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. जपानात तानाका हिरोकाझु नावाच्या एका गृहस्थाला १९९४ मध्ये आपल्याच नावाचा एक बेसबॉलपटू बातमीत दिसला आणि तेव्हापासून नामबंधू गोळा करण्याचा छंद त्याला लागला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोच्या शिबुया भागात असे १७८ तानाका हिरोकाझु एकत्र जमले आणि त्यांची जागतिक विक्रमात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम २००५ मध्ये अमेरिकेत जमलेल्या १६४ मार्था स्टुअर्टांच्या नावावर होता. कोल्हापूर जिल्ह्यात तेवढे राजाराम जमवायला फारसे कष्ट पडणार नाहीत, फक्त ते बहुतेक सगळे पन्नाशीपुढचे निघतील आणि बसायला खुर्च्या भरपूर लागतील. पॉडकास्ट हा शब्दसुद्धा २००४ च्या फेब्रुवारीत एका इंग्रजी पत्रकाराने आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची मोडतोड करून बनवला, असे भाच्याने मला सांगितले. आयपॉड आता बनतही नाही आणि त्याचे नाव मात्र आमच्या घरात रोज घेतले जाते. नावांचे असे होतेच. माझा छपाईचा धंदा असल्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही.

मला शंका वेगळीच होती. नाव सारखे असणे ही बोलावण्याची सबब झाली, बोलण्याचा विषय कसा होईल? एका एसटीतून उतरलेल्या दोन प्रवाशांत जेवढे साम्य, तेवढेच दोन राजारामांत. पण भाच्याने दोन प्रश्न ठरवून ठेवले होते आणि ते तो प्रत्येकाला न चुकता विचारतो. पहिला, हे नाव तुम्हाला कुणी ठेवले. आणि दुसरा, आता तुम्हाला कोण काय म्हणून हाक मारतं. धंद्याबद्दल विचारले की माणूस तयार उत्तर देतो, कारण ते त्याने पन्नास ठिकाणी दिलेले असते. नावाबद्दल विचारले की तो अडखळतो. धंदा आपण निवडलेला, निदान पत्करलेला असतो. नाव मात्र पाळण्याशी वाकून आत्याने कानात कुर्र करून आपल्यावर सोपवलेले असते आणि त्या वेळी आपले मत कुणी विचारलेले नसते.

पहिल्या भागाचा पाहुणा पंचगंगेच्या पलीकडच्या एका गावातला गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारा, होता. एरवी भाचा माडीवरच्या खोलीत भिंतींना वाकळा टांगून, पंखा बंद करून ध्वनिमुद्रण करतो. पण गुऱ्हाळाचा हंगाम चालू असताना काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, सोडून शहरात येणार नाही, असे गुळव्याने साफ सांगितल्यामुळे यालाच यंत्र घेऊन गुऱ्हाळघरावर जावे लागले. मीही गेलो, कारण ताज्या गुळाचा मोह. चुलवाणात जळव्या चिपाडे सारत होता, काहिलीतला रस उकळून वर येत होता, भेंडीचे पाणी पडले की मळी वर तरंगत होती आणि ती झाऱ्याने काढून टाकली जात होती. हा सगळा कल्लोळ ध्वनिमुद्रणात येणार म्हणून भाचा चिंतेत होता. गुळव्याने त्याची चिंता क्षणात निकालात काढली. तो म्हणाला, "माझं काय ऐकतासा, हिचं ऐका." रस कच्चा असताना त्याचा आवाज वेगळा, पाक होत आला की वेगळा, बुडबुडे आधी भरभर फुटतात, मग जड होऊन एकेक फुटतात. पुढे त्याने पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी केली आणि ती काहिलीच्या काठावर मारली. टण्ण असा आवाज आला. "झाला," एवढेच तो म्हणाला आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगून माणसांना हाका घातल्या. काहील वाफ्यात रिकामी होईपर्यंत मुलाखत थांबली. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन असल्याचे त्याला माहीत होते, पण त्यावर बोलण्यात त्याला रस दिसला नाही.

नाव कुणी ठेवले, या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, की राजाराम हे नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, आधार कार्डावर आहे, सोसायटीच्या वहीत आहे. पण त्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघणार नाही. गावात तो राजबा आहे. गुऱ्हाळावर तर तेही नाही, नुसता गुळव्या.

तिथून माझे कान या गोष्टीकडे लागले. दुसऱ्या भागात आलेले शिक्षक राजाराम होते आणि पाटीलही होते. आमच्याकडच्या शाळेत पाटील असणे म्हणजे जवळजवळ बिननावाचे असणे. त्यांच्या शाळेत पाच पाटील सर असल्याने ते आयुष्यभर आर. के. राहिले आणि निवृत्तीच्या समारंभात सूत्रसंचालकाने पूर्ण नाव उच्चारले तेव्हा समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे पाहिले म्हणे. भूलतज्ज्ञ डॉक्टर आले होते, त्यांना रुग्ण नावानेच काय, चेहऱ्यानेही ओळखत नाहीत. चप्पल बनवणारे राजाभाऊ मात्र सगळ्या गिऱ्हाइकांचे राजाभाऊच. त्यांनी आपल्यापेक्षा चपलेच्या नावांबद्दल जास्त सांगितले, आणि कापशी गावचे नाव पायात घालून लोक हिंडतात, हे त्यांचे वाक्य भाच्याने त्या भागाचे शीर्षक म्हणून वापरले. तालमीतला राजाराम मला फारसा भावला नाही. तो तयारी करून आला होता.

म्हणजे नाव सारखे असते ते बारशापुरते. पुढे धंदा ते हातात घेतो आणि आपल्या मापाचे कापून घेतो. हे आमच्या कोल्हापूरला नवीनही नाही. १८९० मध्ये इथे जन्मलेले बाबुराव कृष्णराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, त्यासाठी त्यांनी कॅमेरा घरीच बनवला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला; त्यांचे मेस्त्री हे आडनाव आज किती जणांना ठाऊक असेल? ते बाबुराव पेंटर झाले ते कायमचे. त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत आणखी एक बाबुराव होते, पेंढारकर, आणि ते पडद्यावर काम करत. दोन बाबुराव एका छपराखाली असताना एकाला आडनाव आणि दुसऱ्याला धंदा चिकटावा, ही गावाने केलेली सोयच म्हणायची. गावांच्या नावांतही आम्ही हेच करतो. एक शिरोली पुलाची आणि दुसरी शिरोली दुमाला. कागल तालुक्यात एक कसबा सांगाव आणि एक मौजे सांगाव. पत्ता चुकू नये एवढाच हेतू.

गादीवर बसणे हाही एक धंदा धरला तर तिथेही हाच प्रकार दिसतो. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक आले आणि शाहू झाले. त्यांच्याआधी गादीवर आलेले राजाराम महाराजही दत्तकच होते. ते विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले, तेव्हा वय अवघे वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले आणि तिथे पुढे छत्रीखाली त्यांचा पुतळा उभा राहिला. त्या पुतळ्याला आणि जवळच्या पुलाला तिथले लोक ‘इंदियानो’, म्हणजे हिंदी माणूस, एवढेच म्हणतात. इकडे राजाराम कॉलेज, राजारामपुरी, राजाराम तलाव, राजाराम बंधारा अशी पावलोपावली पाटी असलेल्या गावच्या राजाला तिकडे नावच उरले नाही, हे मला भाच्याच्या सगळ्या भागांपेक्षा जास्त चटका लावून गेले.

माझ्या धंद्यात एकेका नावाची वाटचाल रोज नजरेखालून जाते. पूर्वी एकेका अक्षराचे शिशाचे खिळे जुळवून छपाई होती तेव्हा राजाराम हे नाव कंपोझिटरला आवडत नसे, कारण एका नावाला तीन काने लागत आणि लग्नसराईत खणातले काने आधी संपत. आता संगणकावर ती अडचण नाही. पण नावाच्या आधी लागणारी अक्षरे तीच आहेत. बारशाला चि., लग्नातही चि., मग श्री., आणि एक दिवस कै. असे करत एकच नाव आपल्यासमोर म्हातारे होते, आणि कागदाची कडा सोनेरीवरून काळी होते. एकदा सकाळी वर्तमानपत्रात माझ्या नावाचे निधनवृत्त आले होते. नाव माझे, आडनाव माझे, रक्षाविसर्जन रविवारी सकाळी नऊ वाजता. तो गृहस्थ दुसऱ्या पेठेतला होता आणि माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होता, पण हे वाचणाऱ्याला कसे कळावे? गडहिंग्लजच्या आतेबहिणीचा फोन आला आणि नेमका मीच उचलला. "वहिनींस्नी द्या जरा," असे ती रडत म्हणाली. मी ‘बोलतोय’ म्हटले तर ती एकदम गप्प झाली आणि मग मलाच रागे भरली. त्या रविवारी मी पंचगंगेच्या घाटावर जाऊन आलो. ज्याच्या नावावर आपण तासभर मेलो, त्याला निदान दुरून हात जोडावेत, असे वाटले.

पाच भाग झाल्यावर भाच्याला एका बाईंचा निरोप आला. त्या एसटीत वाहक आहेत. त्यांनी विचारले, की माझेही नाव राजाराम आहे, पण मधले. मला बोलावणार का? भाच्याचा नियम मोडत होता, म्हणून तो माझ्याकडे सल्ला घ्यायला आला. मी म्हटले, आपल्याकडे माणूस स्वतःच्या नावाइतकाच बापाच्या, नाहीतर नवऱ्याच्या नावाने ओळखला जातो. शांताराम राजाराम वणकुद्रे यांना विचारले असते तर तेही हेच म्हणाले असते, फक्त त्यांचे व्ही. शांताराम झाल्यावर तो राजाराम पाटीवरून गेला. आणि आपल्या शहरात कावळा नाक्यावर घोड्यावर बसून स्वागताला उभ्या आहेत त्या ताराराणी, त्यांचे तरी मधले नाव काय? तेव्हा तू बोलाव.

तो भाग सगळ्यांत चांगला झाला. लग्नानंतर त्यांच्या शिधापत्रिकेवर नवऱ्याचे नाव आले, पण नोकरीच्या कागदांवर आणि छातीवरच्या पट्टीवर वडिलांचे नाव तसेच राहिले, कारण बदलायला जे अर्ज लागतात ते भरायला त्यांना कधी सवड झाली नाही. वडील मार्केट यार्डात हमाल होते आणि गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलत. "माझ्या नावाला अडखळून कुणी विचारलं, मधलं नाव काय, तर घरी एक उत्तर होतं आणि डेपोत दुसरं," असे त्या म्हणाल्या. गगनबावड्याच्या गाडीत एका म्हाताऱ्या प्रवाशाने त्यांची पट्टी वाचून, तू अमक्या हमालाची लेक का, असे विचारले होते, तो प्रसंग सांगताना त्या थांबल्या. ती शांतता भाच्याने कापली नाही, याबद्दल त्याला शाबासकी दिली पाहिजे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आता आईचेही नाव वडिलांच्या आधी लागते. म्हणजे पुढेमागे हा पॉडकास्ट वाढायला जागा आहे.

मग माझी पाळी आली. इतरांचे ऐकून मी शहाणा झालो असेन अशी माझी समजूत होती, पण पहिल्याच प्रश्नाला मीही अडखळलो. माझे नाव माझ्या चुलत्याचे आहे. तो सातव्या वर्षी तापाने गेला आणि ती हाक घरात पुन्हा घुमावी म्हणून आजीनेच आत्याला हे नाव सांगितले. पण तिच्या तोंडून ते कधीच आले नाही. ती मला शेवटपर्यंत बाळ्या म्हणाली. हे मी पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मोठ्याने बोललो, आणि तेही भाच्याने माझ्यासमोर धरलेल्या एका काळ्या बोंडाशी.

गेल्या आठवड्यात तो गुळव्या छापखान्यात आला. नातीचे लग्न ठरले होते. त्याने आपला भाग नातवाच्या फोनवर ऐकला होता आणि त्याचे मत विचारले तर म्हणाला, "माझा आवाज कसातरीच, पर काहिलीचा ब्येस आलाय." मग आम्ही पत्रिकेकडे वळलो. निमंत्रकांच्या ओळीत मी त्याचे नाव कागदोपत्री आहे तसे, राजाराम, घातले होते. त्याने चष्मा वर सारून प्रूफ वाचले, बोट ठेवले आणि विचारले, "ह्यो कोण?" मी राजबा लिहिले आणि पुढे कंसात राजाराम ठेवले. ते वाचून त्याने पुन्हा मान हलवली. पाहुणे विचारतील, घरात आणखी एक म्हातारा कुठून आला, असे त्याचे म्हणणे होते. मी कंस काढला, ओळ पुन्हा मधोमध घेतली आणि पाचशे प्रती टाकल्या.