आमची वाटचाल : आधी तेल, मग प्लेटा

आमचं वर्कशॉप नागपूरच्या अमरावती रोडला, वाडीच्या पुढे. पाटीवर अर्थमूव्हिंग मशिनरीचं सगळं काम लिहिलं आहे, पण ऑपरेटर लोक आम्हाला ‘क्लचवाले’ म्हणूनच ओळखतात. चेनच्या, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी साखळपट्ट्यांवर चालणाऱ्या, जुन्या डोझरचे स्टिअरिंग क्लच हे आमचं मुख्य काम, आणि मला ते मनापासून आवडतं.

बाबा फिटर होते. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली. पुढे मातीकामं जोरात निघाली तेव्हा ते पवनीच्या बाजूला एका ठेकेदाराच्या साइटवर डोझर सांभाळायचे. बीईएमएलचे कोमात्सू पद्धतीचे डोझर, त्याहून जुने कॅटरपिलर, जे उभं असेल ते चालू करायचं. काम संपल्यावर नागपूरला आले आणि टिनाचं एक शेड भाड्याने घेतलं. भांडवल म्हणजे पान्यांची एक पेटी, एक चेनपुली आणि साइटवरची ओळख. मी बारावीनंतर त्यांच्या हाताखाली लागलो.

डोझरला स्टिअरिंगचं चाक नसतं. इंजिनाची ताकद दोन्ही चेनकडे वळवणारं मोठं दातेरी चाक म्हणजे क्राऊन. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक क्लच असतो. त्यात स्टीलची प्लेट, लायनिंगची प्लेट, पुन्हा स्टीलची, अशी चळत, आणि जाड स्प्रिंगा ती दाबून धरतात. डावा लिव्हर ओढला की डाव्या चळतीवरचा दाब सुटतो, डाव्या चेनची ताकद तुटते आणि उजवी चेन मशीनला डावीकडे फिरवते. जागच्या जागी वळायचं असेल तर त्याच बाजूचा ब्रेकही दाबायचा. ड्रमवर आवळणारा पट्टा ती चेन धरून ठेवतो.

बिघाड मुख्यतः दोन. एक, क्लच सुटतच नाही. लिव्हर पोटापर्यंत आला तरी मशीन सरळच चाललेलं. दुसरा, क्लच घसरतो. पाते मातीत घातलं की इंजिन ओरडतं, एक चेन चालते, दुसरी उभी. ऑपरेटर दोन्हीला ‘क्लच गेला’ म्हणतात. कारणं मात्र अगदी उलटी असतात.

हे आम्ही पैसे घालवून शिकलो. बाबांनी माझ्यावर सोपवलेलं पहिलं मोठं काम कामठीकडच्या एका वीटभट्टीचं होतं. कोरड्या क्लचचा जुना डोझर, उजवी बाजू घसरत होती. मी सीट काढली, टाकी काढली, वरची झाकणं उघडली, दोन्हीकडचे बोल्ट सोडून अख्खा क्लच चेनपुलीने वर घेतला. प्लेटा घासलेल्या होत्या. नव्या प्लेटा, नव्या स्प्रिंगा टाकल्या, चार दिवसांत मशीन दिलं. आपण मिस्त्री झालो असंच वाटलं तेव्हा.

दीड महिन्यात तोच डोझर, तीच बाजू. पुन्हा उघडला तर नव्या प्लेटा काळ्या कुळकुळीत, तेलाने चकचकीत. कोरड्या क्लचच्या कप्प्यात तेलाचा थेंब चालत नाही, आणि इथे क्राऊनकडून तेल झिरपत होतं. ते पहिल्या वेळीही झिरपतच असणार. मी फक्त घासलेल्या प्लेटा पाहिल्या, त्या का घासल्या ते पाहिलं नाही. बाबा आत वाकले, शाफ्टवरून बोट फिरवलं आणि माझा हात धरून माझंही बोट तिथेच ठेवलं. तेल अडवणाऱ्या सीलचं ओठ जिथे बसतं तिथे नखाला अडेल अशी खाच होती. तशा शाफ्टवर कितीही नवं सील घाला, ते गळणारच. शिवाय बेअरिंग ढिली, म्हणून शाफ्ट डोलत होता.

“आदी तेल कोठून येते ते पाय. प्लेटा मंग,” एवढंच ते बोलले. शाफ्ट लेथवर नेऊन त्या जागी स्लीव्ह बसवली, बेअरिंग बदलली, दोन्ही बाजूंची सीलं नवी घातली. पुन्हा नव्या प्लेटा आल्या त्या आमच्या खर्चाने. भट्टीवाल्या भाऊंकडून एक रुपया घेतला नाही. त्या महिन्यात घरभाडं उशिरा गेलं, आई काही बोलली नाही. त्या भाऊंची मशीनं आजही आमच्याकडेच येतात, आणि त्यांनी पाठवलेली गिऱ्हाइकं तर मोजलीच नाहीत.

तेव्हापासून पाना लावण्याआधी आम्ही कप्प्याखालचा प्लग काढतो. स्वच्छ तेल आलं तर सील. गंजाचं लाल पाणी आलं तर पावसाळा. तेल येत असेल तर क्राऊनची पातळी उतरते की फायनल ड्राइव्हची (चेन फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरची), ते दोन दिवस पाहायचं, म्हणजे गळती कुठल्या अंगाने आहे ते न उघडताच कळतं. तेलातल्या क्लचची तऱ्हा वेगळी. तिथे हायड्रॉलिकने क्लच सुटतो, म्हणून आधी फिल्टर आणि प्रेशर तपासायचं. प्रेशर कमी असेल तर चळत उघडून काय उपयोग?

गंजाचं काम सप्टेंबर-ऑक्टोबरात फार येतं. डोझर चार महिने काळ्या मातीत उभा असतो, लिव्हरच्या फटीतून पाणी आत उतरतं आणि कोरड्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. मालक घाईने प्लेटांचा सेट आणायला निघतो. आम्ही थांबवतो. आधी लिव्हरचा फुकटचा खेळ पाहतो. तो वाढला असेल तर क्लच सोडवणारा काटा पूर्ण सरकतच नाही, आणि नुसत्या ॲडजस्टमेंटने काम होतं. नाही तर कप्प्यात डिझेल भरून, लिव्हर ओढून, मशीन पुढे-मागे चालवायचं, मग निथळून पुन्हा भरायचं. पहिल्यांदा लाल गाळ येतो. कधी तिसऱ्या वेळी आतून ‘टक्’ असा आवाज होतो आणि मशीन हळूच वळतं. तो आवाज ऐकायला आमची पोरं काम सोडून येतात. आगीची भीती असते, म्हणून त्या वेळी बिडी आणि वेल्डिंग दोन्ही बंद. ठेकेदार असो की मालक, हा नियम सर्वांना.

असं करूनही सुटलं नाही तर उघडावं लागतं. तेव्हा मी ड्रमचे दात पाहतो. प्लेटांच्या कडा आपटून दातांवर खाचा पडलेल्या असतात आणि प्लेटा त्यात अडकतात. खाचा बारीक असतील तर घासून घेतो, खोल असतील तर ड्रम बदलायलाच सांगतो. इथे पैसे वाचवू नका, हे मी हात जोडून सांगतो.

मे महिन्यात साइटवर हे काम म्हणजे अंगाची परीक्षा. उन्हातला पाना हातात धरवत नाही. म्हणून उमरेड, सावनेर, पारशिवनी कुठेही असो, पहाटे पाचला सुरू करायचं, अकराला थांबायचं, संध्याकाळी पुन्हा. डोझर ट्रेलरवर घालून आणायचा खर्च मालकाला परवडत नाही, आम्हीच पेटी घेऊन जातो.

मशीन देताना मी स्वतः ऑपरेटरच्या बाजूला उभा राहतो, विशेषतः पोरगा नवा असेल तर. उतारावर मशीन स्वतःच्या वजनाने घरंगळत असताना डावा लिव्हर ओढला तर डावी चेन मोकळी होऊन जास्त पळते आणि डोझर उजवीकडे जातो. हे माहीत नसलेला ऑपरेटर क्लचला दोष देतो, किंवा घाबरून आणखी ओढतो. तलावाच्या बांधावर ते जिवावर बेततं. म्हणून लहानशा उतारावर एकदा दाखवल्याशिवाय आम्ही चावी देत नाही.

समृद्धी महामार्गाच्या काळात इकडे नव्या मशीनांची गर्दी झाली. जुने डोझर आता संपणार असं लोक म्हणायचे. ते गेले ते शेताच्या सपाटीकरणाला, तलावातल्या गाळाला, कोळशाच्या ढिगाला. आमचं काम कमी झालं नाही. बाबा आता शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. गुडघे साथ देत नाहीत, पण प्लग उघडला की वाटी त्यांच्याकडेच न्यायची. ते तेल दोन बोटांत चोळून वास घेतात.

आज शेडमध्ये पारशिवनीचा एक डोझर उभा आहे. दुरुस्तीसाठी आम्ही ट्रेलरवर आणलेला हा वर्षातला पहिलाच. डावा क्लच सुटत नव्हता, प्लगमधून लाल पाणी आलं, तेल नाही. काल दोन वेळा डिझेल भरून काढलं. लिव्हर ओढलेला ठेवून दोरीने बांधला आहे, म्हणजे रात्रभर चळतीवर दाब राहणार नाही. तिसरं भरण आत्ता चाललं आहे.