१७८० सालचे नाणे आणि ‘वर्ष’ नावाचा रकाना

मारिया थेरेसा थालर या चांदीच्या नाण्याचे प्रमाणपत्र नाणी तपासणाऱ्या संस्थेकडून मिळवताना मला जो मनस्ताप झाला, तो सारा अर्जातील एका रकान्यामुळे झाला. प्रमाणपत्र हाती येऊन बराच काळ लोटला आहे, तरीही तो रकाना आठवला की चीड येते. वजन, व्यास, शुल्क, नोंदणीकृत पाठवणी, हे सगळे विनासायास पार पडले. गाडे अडले ते ‘नाणे पाडल्याचे वर्ष’ या ओळीपाशी.

ही ओळ या नाण्याच्या बाबतीत एवढी अवघड का, हे त्याचा इतिहास पाहिल्याशिवाय कळणार नाही. ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा २९ नोव्हेंबर १७८० रोजी निवर्तली. मात्र तिची प्रतिमा असलेला थालर तांबड्या समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या व्यापारात इतका रुजला होता, की टांकसाळींनी तिच्या मृत्यूनंतरही तोच चेहरा आणि १७८० हेच साल कायम ठेवून नाणी पाडणे चालू ठेवले. व्हिएन्नाची टांकसाळ तर ती आजही पाडते. इथिओपियावर आक्रमण करण्याच्या सुमारास, १९३५ साली, मुसोलिनीच्या इटलीने व्हिएन्नाहून ठसे मिळवले आणि रोममध्ये थालर पाडायला सुरुवात केली. त्यानंतर लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स आणि दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीतूनही हीच नाणी बाहेर पडली. या सगळ्यांवर साल एकच: १७८०.

माझ्या संग्रहातला थालर रोमचा असावा, असे मला बारकावे ताडून पाहिल्यावर वाटत होते, आणि त्यावर तज्ज्ञांचे शिक्कामोर्तब हवे होते. म्हणून वर्षाच्या रकान्यात मी ‘१७८०, नंतरची पाडणी’ असे लिहिले. रकान्यात फक्त चार अंक ग्राह्य आहेत, या शेऱ्यासह अर्ज परत आला. चौकशी केली तेव्हा नाण्यावर असेल तेच साल लिहावे, असे मला सांगण्यात आले. त्याप्रमाणे नुसते १७८० लिहिले, तर नाणे आणि नमूद केलेला काळ जुळत नाही म्हणून पुन्हा अर्ज परत. दुसऱ्या खिडकीवर उत्तर मिळाले की प्रत्यक्ष पाडल्याचे वर्ष लिहावे. ते कोणी आणि कसे लिहावे? रोमच्या टांकसाळीने हे काम १९३५ ते १९३९ या काळात केले, आणि त्यातले नेमके कोणते वर्ष, हे नाण्यावरून सांगता येत नाही. रकाना रिकामा ठेवावा, तर अर्ज अपूर्ण ठरतो. ज्या संस्थेचे काम नाण्यांचा इतिहास तपासणे हेच आहे, तिच्या अर्जात इतिहासातल्या एवढ्या प्रसिद्ध नाण्याला जागा नसावी, हे मला आजही पटत नाही. शिवाय टोलवाटोलवी करणाऱ्यांपैकी कोणीही नाणे प्रत्यक्ष हातात घेतलेले नव्हते. त्यांच्यासमोर केवळ कागद होता.

शेवटी मी अर्जाला एक पत्र जोडले, आणि माझ्या मते सगळा फरक त्या पत्राने पडला. नाण्यावरचे साल आणि पाडल्याचे साल वेगळे असू शकते, याचा दाखला म्हणून मी अमेरिकेचा १८०४ चा डॉलर पुढे केला. त्या वर्षी अमेरिकी टांकसाळीने जे डॉलर पाडले, त्यांवर आधीचेच साल होते. १८०४ हे साल असलेले पहिले डॉलर मात्र १८३४ च्या सुमारास, सयामचा (आजच्या थायलंडचा) राजा आणि मस्कतचा सुलतान यांना भेट देण्यासाठी पाडले गेले. हे सर्वमान्य असेल, तर थालरलाच आडकाठी का, एवढाच माझा प्रश्न होता. पत्र एका तज्ज्ञापर्यंत पोहोचले आणि त्यांनी रकान्याची अट बाजूला ठेवून नाणे तपासायला घेतले.

तज्ज्ञ काय पाहतात, हे अर्ज करणाऱ्याने आधीच पाहून ठेवावे. अस्सल थालरचे वजन सुमारे २८.०७ ग्रॅम असते आणि चांदी हजारात ८३३ भाग. राणीच्या खांद्यावरील ब्रोचचे मोती, दुसऱ्या बाजूच्या गरुडाच्या शेपटीची पिसे आणि ‘१७८०’ या आकड्यापुढची तिरकी फुली यांच्या घडणीत टांकसाळीगणिक बारीक फरक आढळतात. भिंगाखाली ब्रोच पाहताना मोती सुटे सुटे उठलेले दिसले, तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता. व्यापारीसुद्धा हे मोती स्पष्ट असावेत असा आग्रह धरत असत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: पाठवण्यापूर्वी नाणे अजिबात घासूपुसू नये, आणि ते पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नये, कारण त्यातून सुटणारा हिरवट चिकट थर चांदीवर बसतो.

प्रमाणपत्रावर आता ‘१७८०, रोम येथील नंतरची पाडणी’ असे स्वच्छ लिहिलेले आहे, आणि मी काढलेला निष्कर्ष टिकला याचा मला अभिमान आहे. ज्यांना थालर पाठवायचा असेल, त्यांनी असे पत्र पहिल्याच अर्जासोबत जोडावे आणि कडेवरील ‘न्याय आणि दया’ या अर्थाच्या लॅटिन ब्रीदाची छायाचित्रे आधीच काढून ठेवावीत. नाणे प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन आले की कडेचा बराचसा भाग झाकला जातो.