रिकामा रकाना

"डॉक्टर, पाणी फार पितेय ही. आणि घरात कुठेही शू करते, असं कधी करायची नाही." काकूंनी ब्राउनीला टेबलावर चढवलं. लॅब्रेडॉर, वय 9, नसबंदी नाही. आधीच्या डॉक्टरांनी 'युरिन इन्फेक्शन' म्हणून 5 दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट हे अँटिबायोटिक दिलं होतं. गोळ्या चालू होत्या तोवर जेवली, संपल्यावर पुन्हा मलूल. ताप नाही, योनीतून स्राव नाही.

लघवी न तपासता युरिन इन्फेक्शन लिहायची आमच्या धंद्यात खोडच आहे. मी तसा नाही, याचा मला जरा माज आहे. फरशीवरून उचललेल्या लघवीत फरशीचे आणि कातडीचेही जंतू येतात; मी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघायला, पोटातून सरळ मूत्राशयात सुई घालून नमुना घेतो. कितीदा घेतलाय, हाताच्या अंदाजानेच. ब्राउनीचं मूत्राशय हाताला चांगलं भरलेलं लागलं. स्पिरिट लावलं, 22 गेजची सुई उचलली.

काकू तिचं डोकं धरून तिला समजावत होत्या, "झालं हं बाळा. मागच्या महिन्यात डायपर सुटले म्हणून किती खूश होतीस!"

डायपर. म्हणजे ती हीटवर, माजावर होती. मी विचारलंच नव्हतं.

सुई ठेवली, सोनोग्राफीचा प्रोब लावला. मूत्राशय एका बाजूला, लहानसं. मी भरलेलं मूत्राशय समजत होतो ते म्हणजे द्रवाने फुगलेल्या दोन जाड, काळ्या नळ्या. पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू, तोही बंद तोंडाचा. हीटनंतर प्रोजेस्टेरॉनने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, बहुतेकदा ई. कोलाय शिरतात, आणि तोंड मिटलेलं असलं की पू आतच साठतो. जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंडांना पाणी राखता येत नाही, म्हणून ती तहान. हे सगळं मला पाठ आहे! सुई गेली असती तर तो पू मी स्वतःच्या हाताने पोटात सोडला असता.

सलाईन, शिरेतून अँटिबायोटिक, आणि संध्याकाळी ऑपरेशन. अशी पिशवी बाहेर घेताना बोटांचा जरासुद्धा दाब चालत नाही, भिंत ओल्या कागदासारखी झालेली असते. सहायकाला तीनदा बजावलं, "दाबू नकोस, नुसतं उचल." भोवती ओले पॅड लावून, एकही थेंब न सांडता अख्खी पिशवी ट्रेमध्ये आली. पोट उघडं होतं तेव्हाच मूत्राशयातूनही नमुना घेतला, या वेळी डोळ्यांनी बघून.

लघवीच्या कल्चरमध्ये काही वाढलं नाही. पुवात ई. कोलाय निघाले, आणि तेही आधीच्या डॉक्टरांनी दिलेल्या त्याच औषधाला दाद देणारे. औषध बरोबर होतं, पण पुवाने भरलेली पिशवी तशीच ठेवून ते करणार काय?

टाके काढायला आल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या नजरेला मानलं." मी हसलो, दुरुस्त केलं नाही. त्या गेल्यावर केसपेपर काढला. 'शेवटची हीट' हा छापील रकाना तसाच रिकामा होता. तारीख विचारायला काकूंना फोन लावला.