माळ्यावरची माला

दसरा झाला की आईला माळा आठवतो. मी स्टुलावर, ती खाली पदर नाकाला लावून. वरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला तिचे दोनच शब्द: "ठेव" किंवा "टाक". घंगाळ ठेव. मोडका स्टोव्ह टाक. आजोबांची पत्र्याची ट्रंक उतरवली तेव्हा मात्र ती एकदम काही बोलली नाही. आत मासिकं होती.

वर्तमानपत्राचं एक बरं असतं. संध्याकाळी त्याची रद्दी होते आणि कोणाला वाईट वाटत नाही. भाजी निवडायला, फडताळात घालायला ते हक्काचं. पुस्तक टाकायला हात धजत नाही, निदान आमच्या घरात तरी. मासिक मात्र मधलंच. वाचून झालं तरी टाकवत नाही, आणि काचेच्या कपाटात ठेवावं इतकी कोणी त्याची पत्रास बाळगत नाही. मग ते माळ्यावर जातं.

आजोबा साताऱ्याकडे मास्तर होते. वाईहून त्यांच्याकडे 'नवभारत' यायचं. ऑक्टोबर १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला जेमतेम दोन महिने झालेले असताना निघालेलं हे मासिक. आधी शंकरराव देव, आचार्य जावडेकर, पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी असली भारदस्त नावं त्यामागे. त्यातला एकेक लेख म्हणजे शेतावरून परत येताना डोक्यावर घेतलेला भारा. आजोबा तो महिनाभर पुरवून वाचत. मासिकाचा मला आवडणारा गुण हाच. राजकारणातली बातमी महिन्यात शिळी होते, पण तिच्याबद्दल कोणी नीट विचार केला असेल तर तो तेवढ्यात मुरतो. लोणच्याला लागतात तितकेच दिवस.

ट्रंकेच्या तळाशी सुतळीने बांधलेला एक जाड गठ्ठा होता. मुखपृष्ठ गेलेलं, पाठीला खळ लावून चिकटवलेलं जुनं धोतर. पहिल्याच पानांत 'मराठी भाषेची सांप्रतची स्थिती' दिसलं आणि मी स्टुलावरच बसलो. ही विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला'. माळ्यावर माला! हा विनोद मी खाली ऐकवला. आई म्हणाली, "आधी खाली उतर."

निबंधमाला जानेवारी १८७४ मध्ये पुण्यात सुरू झाली. तेव्हा शास्त्रीबुवांना चोविसावं वर्ष होतं आणि ते सरकारी शाळेत मास्तर होते. मराठीत मासिक ही काही तेव्हा नवलाई नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांनी 'दिग्दर्शन' काढलं ते मे १८४० मध्ये. पण मासिक म्हटलं की संपादक, लेखक, भाषांतरं, चुटके असा बारदाना असतो. इथे तसं काही नाही. सगळा मजकूर जवळजवळ एकाच माणसाचा. भाषेवर तोच, इतिहासावर तोच, वक्तृत्वावर तोच, इंग्रजांच्या डॉक्टर जॉन्सनवर तोच, मोरोपंतांवरही तोच. एक निबंध एका अंकात मावला नाही तर पुढच्यात, तिथेही नाही मावला तर त्याच्या पुढच्यात. असे एकंदर ८४ अंक. आज कोणी असं मासिक काढायचं म्हटलं तर घरचेच लोक त्याला जरा फिरून ये म्हणतील.

वाचायला बसलो. शास्त्रीबुवांचं वाक्य सुरू होतं तेव्हा चहा गरम असतो. मग 'जरी' येतो, त्याचा 'तरी' चार ओळींनी भेटतो, मध्ये दोन अर्धविराम, एक संस्कृत वचन, विरुद्ध पक्षाला एक चिमटा, आणि क्रियापद येईपर्यंत चहावर साय. पण वाक्य कोसळत नाही. इंग्रजी विरामचिन्हं मराठीत अशी घट्ट बसवलेली की पानभर लांबीचं वाक्यही वाड्याच्या तुळईसारखं उभं राहतं. मराठी भाषेचा शिवाजी म्हणवून घेणारा हा गृहस्थ. आत्मविश्वासाची वानवा नव्हतीच.

आता हे मासिक राजकीय कसं, असं कोणी विचारेल. विषय पाहिले तर भाषादूषण, वाचन, गर्व, लोकभ्रम. यात सरकार कुठे आलं? पण सरकारी शाळेतल्या मास्तराने उठून म्हणावं की आमची भाषा दरिद्री नाही आणि इंग्रजाने लिहिलेला आमचा इतिहास आम्ही तपासून घेऊ, तेव्हा ते व्याकरणापुरतं राहत नाही. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनसाहेबाने देशी भाषांतल्या पत्रांसाठी खास कायदा आणला. इंग्रजी पत्रांना तो नव्हता. म्हणजे धोका कोणत्या भाषेत आहे हे सरकारला ठाऊक होतं. दरम्यान शास्त्रीबुवांची बदली पुण्याहून रत्नागिरीला झाली. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल उघडलं, टिळक आणि आगरकर येऊन मिळाले, आणि १८८१ च्या जानेवारीत 'मराठा' आणि 'केसरी' निघाले. ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, मी पुन्हा सांगत नाही. एवढंच डोक्यात येतं की दर आठवड्याला गर्जणारं ते पत्र महिन्याला एकदा येणाऱ्या मालेच्या कडेवर वाढलं.

गठ्ठ्याच्या समासात ठिकठिकाणी आजोबांची पेन्सिल होती. बारीक, टोक केलेली, मास्तरी. बहुतेक जागी नुसती उभी रेघ, एका ठिकाणी "वा!". पण जोतीराव फुल्यांवरचा मजकूर आला तिथे रेघ नव्हती. शास्त्रीबुवांनी तिथे फुल्यांच्या लेखनातल्या व्याकरणाची, शुद्धलेखनाची यथेच्छ टवाळी केली आहे. लिहिणारा हुशार, त्यामुळे ती चांगलीच झोंबते. वाचताना आधी हसू येतं आणि मग आपण हसलो याचं कसंसं वाटतं. समासात आजोबांनी लिहिलं होतं: "शुद्धलेखन कळले. मुद्दा?"

आयुष्यभर पोरांच्या वह्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाई ओतणाऱ्या माणसाने हे लिहावं! मी ते आईला दाखवलं. तिने चष्मा पुसून पाहिलं. "मामंजींचंच अक्षर," ती म्हणाली, आणि गठ्ठा माझ्या हातातून घेऊन जमिनीवरच बसली.

मालेतला शेवटचा निबंध 'आमच्या देशाची स्थिती'. इंग्रज आले म्हणून आमचं भलं झालं, हा तेव्हाच्या शहाण्यांचा पाठ त्यात शास्त्रीबुवांनी सरळ उलटा टांगला. आमच्यात खोट आहे म्हणून राज्य गेलं असं नाही, राज्य गेल्यामुळे ही कळा आली, असा साधारण सूर. पुढे सरकारने तो जप्त केला आणि ती बंदी उठली एकदम १९३७ मध्ये. मी उत्सुकतेने गठ्ठ्याचा शेवट उघडला, तर शेवटची पानंच नाहीत. कडा कुरतडल्यासारख्या. हा निबंध सरकारने काढला, बांधणाऱ्याने भीतीने वगळला, की आमच्या माळ्यावरच्या उंदराने खाल्ला, सांगता येत नाही. उंदराने खाल्ला असेल तर तो राजद्रोही मजकूर पचवलेला उंदीर म्हणायचा.

तो निबंध मी पूर्वी ग्रंथालयात बसून वाचला होता. जोरकस आहे, आजही रक्त जरा तापतं. तरी वाचताना मला खटकलं होतं की त्या 'आमच्या'त बांधावर उभा असलेला माणूस फारसा दिसत नाही. १८८३ मध्ये फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' झाला. देशाची स्थिती तिथेही आहे, पण ती कर्जाच्या, सारापट्टीच्या, कुळकर्ण्याच्या दप्तराच्या हिशेबात. दोघांनी एकमेकांचं हे लिखाण वाचून भांडण केलं असतं तर काय बहार झाली असती, असं मला नेहमी वाटतं. पण शास्त्रीबुवांना तेवढी सवड मिळाली नाही. १७ मार्च १८८२ ला ते गेले. वयाची बत्तीस वर्षंही पुरी नव्हती.

रद्दीवाला चारच्या सुमारास आला. वर्तमानपत्रं त्याने तोलली, पुठ्ठे वेगळे काढले. आईच्या मांडीवरचा गठ्ठा पाहून त्याने एक पान दोन बोटांत धरलं. कोपरा तुटून त्याच्या हातात आला.

"हे नको, ताई," तो म्हणाला. "जुना कागद. चुरा होतो, वजन भरत नाही."

"देतंय कोण?" आई म्हणाली आणि तो कोपरा त्याच्याकडून मागून घेतला.

स्टोव्हचे मात्र त्याने साठ रुपये दिले.