मात्रा गाळून

फाईल कुठे ठेवली हे मला आठवत नाही. ती शेवटची कधी उघडली होती हे मात्र पक्कं आठवतं. परवा जेवणाआधी, त्या पावसाच्या लेखाच्या पाठोपाठ. पण संगणकाला असं सांगून चालत नाही. तो विचारतो, कोणत्या फोल्डरमध्ये? आता फोल्डर मीच केले, नावं मीच दिली, 'कामाचे'च्या आत 'चालू' आणि 'चालू'च्या आत 'जुने चालू' हेही माझंच कर्तृत्व. तरी तिथे शिरलो की परक्या गावात पत्ता शोधत हिंडल्यासारखं होतं.

टेक्स्ट एडिटर, म्हणजे साधा मजकूर लिहायचे प्रोग्राम, तयार करणाऱ्या मंडळींना हे दुखणं फार आधी कळलं असावं, कारण ते स्वतःच दिवसभर फायलींमधून ये-जा करत असतात. ब्राम मोलेनार यांचा व्हिम हा एडिटर 1991 साली अमिगा संगणकावर पहिल्यांदा लोकांच्या हाती आला. त्यात एक साधी सोय आहे, जिच्यावर माझं निम्मं भाषांतराचं काम चालतं. कंट्रोल आणि सहाचा आकडा एकत्र दाबला की आत्ता समोर असलेली फाईल बाजूला होते आणि तिच्या आधीची येते. पुन्हा दाबा, पुन्हा पहिली. एकीकडे मूळ लेख, दुसरीकडे माझा मराठी खर्डा. एक वाक्य वाचायचं, उडी मारायची, लिहायचं, परत यायचं. नाव आठवायला नको, जागा आठवायला नको. बदल जतन न करता उडी मारू पाहिली, आणि 'हिडन' नावाची सोय चालू नसली, तर व्हिम अडवतो. तेही बरंच आहे.

हाच व्हिम बंद करून झोपलात तरी विसरत नाही. कोणत्या फायलीत तुम्ही कोणत्या ओळीवर होता, याची नोंद तो एका लपवलेल्या फायलीत ठेवतो. मुळात ठरवून दिलेला आकडा 100 फायलींचा. सकाळी लेख उघडला की कर्सर थेट त्या अर्धवट वाक्यावर नेऊन ठेवता येतो. वाक्य अर्धवट का सोडलं होतं, हे मात्र तो सांगत नाही.

इमॅक्स या दुसऱ्या एडिटरचं वेगळं. तिथे अलीकडच्या फायलींची यादी हवी असेल तर 'रिसेंटएफ' आपण होऊन चालू करावं लागतं, आणि चालू केल्यावर ती 20 नावं जपते. आकडा वाढवता येतो. मी वाढवला आणि पस्तावलो नाही, फक्त ती यादी कुणाला दाखवत नाही. संपादकांना 'शेवटचा हात फिरवतोय' असं सांगितलेल्या लेखाच्या वर वाणसामान, शब्दकोडं आणि सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त दिसतं.

अशा यादीमागची कल्पना अगदी सोपी: जे हाताळलं ते सगळ्यात वर. जपानी अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांनी कागदांसाठी हेच सुचवलं. विषयवारी करत बसूच नका. सगळं पाकिटांत घाला, पाकिटं एका ओळीत उभी करा, आणि जे काढाल ते परत ठेवताना ओळीच्या डाव्या टोकाला ठेवा. लागणारी पाकिटं आपोआप डावीकडे जमतात, न लागणारी उजवीकडे सरकत जातात. वरवर पाहता हा आळशी माणसाचा सल्ला वाटतो. पण डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन या संगणकशास्त्रज्ञांनी 1985 साली गणिताने दाखवून दिलं, की यादीत वापरलेली वस्तू दर वेळी पुढे आणण्याची ही रीत, पुढे कधी काय लागणार हे आधीच ठाऊक असलेल्या सर्वज्ञाच्या तुलनेतही फार तर दुप्पट कष्ट घेते. दुप्पट म्हणजे फार झाले असं कुणाला वाटेल. मला नाही वाटत. समोर साक्षात त्रिकालज्ञ आहे आणि आपण नुसता पसारा पुढे ढकलतोय, तरी एवढाच फरक!

पण काही फायली महिनोन्महिने लागत नाहीत. त्या यादीतून केव्हाच बाहेर पडलेल्या असतात. तिथे माझी भाची मदतीला आली. मी माऊसने फोल्डरामागून फोल्डर उघडत होतो, ती मागे उभी राहून बघत होती. अखेर तिला राहवेना. "मामा, तू आधी तो माऊस सोड बघू. कंट्रोल-पी दाब आणि जे आठवतंय ते लिही."

"आठवत नाही तेच तर सांगतोय."

"पूर्ण नको रे! मधली चार अक्षरं लिहिलीस तरी चालेल."

खरंच चालतं. मॅकवर टेक्स्टमेट या एडिटरने ही युक्ती लोकांच्या बोटांत बसवली, सब्लाइम टेक्स्टने ती कंट्रोल-पी या कळांवर आणली, आणि 2015 मध्ये आलेल्या व्हीएस कोडनेही तीच कळ ठेवली. आपण लिहिलेली अक्षरं नावात त्याच क्रमाने आली म्हणजे झालं, मध्ये कितीही अक्षरं सुटली तरी हरकत नाही. मग जुळलेल्या नावांना गुण मिळतात. शब्दाच्या किंवा फोल्डरच्या आरंभी जुळलं तर जास्त, लागोपाठ जुळलं तर जास्त. पहिला नंबर येईल ती फाईल वर. अर्थात 'लेख अंतिम', 'लेख अंतिम 2' आणि 'लेख अंतिम खरा' यांच्यात कोण खरा, हे गुणांवर ठरत नाही. तिथे पुन्हा शेवटी कोणती उघडली होती हेच बघावं लागतं.

ही सोय रोमन लिपीत नावं देणाऱ्यांसाठी केलेली. पण मी फायलींना देवनागरीत नावं देतो, आणि खरी मजा तिथे आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलंतसुद्धा स्वतंत्र चिन्ह म्हणून साठवलेले असतात. म्हणजे ते सगळे गाळता येतात! 'दिवाळी-अंक-संपादकीय' हवं असेल तर 'दवळसप' पुरतं. 'पूर्वपीठिका' हवी तर 'परवपठक'. पू दीर्घ की ऱ्हस्व, पी पहिली की दुसरी, हा प्रश्नच उरत नाही. शुद्धलेखनाच्या धाकात वाढलेल्या माणसाला ही केवढी मोकळीक आहे, हे इंग्रजीवाल्यांना सांगून कळायचं नाही. मोडी लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाला मात्र यात फारसं नवल वाटलं नसतं. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळतच नसत, आणि त्यावाचून कुणाचा वसूल अडला नाही.

एक अक्षर तेवढं छळतं. 'दऱ्याखोऱ्यांतला पाऊस' नावाचा लेख मी 'दरखर' लिहून शोधला, तर यंत्र म्हणालं काही नाही. अर्धा ऱ दिसतो र सारखा, पण युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे. तोच ऱ, साध्या र ला नुक्ता, म्हणजे खालचा टिंब, जोडूनही लिहिता येतो. शिवाय र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह अशीही तिसरी वाट आहे, तिथूनही डोळ्यांना तोच अर्धा ऱ दिसतो. कोणाचा कळफलक कोणती वाट धरतो, हे फाईल पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यात जुन्या मॅकची फाईलपद्धत नाव जतन करतानाच ऱ चे दोन तुकडे करून ठेवायची. 'कऱ्हाड', 'सातारच्या टेकड्या आणि दऱ्या', 'वाऱ्यावरची कामे' असली सगळी नावं या घोळात सापडतात.

यावर उपाय एकच, तो ऱ लिहायचाच नाही. 'दयखय' लिहिलं की तिन्ही वाटांनी लिहिलेला लेख समोर येतो. भाचीने परवा पुन्हा मागे उभं राहून पाहिलं.

"मामा, दयखय? हे काय मराठी आहे?"

"नाही. पण फाईल उघडली ना?"