मोहोर दिसला, मग आंबे कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दरवर्षी डिसेंबरात मुंबईची मंडळी देवगडला येतात, कलमांचे फोटो काढतात आणि मे महिन्यात फोन करतात, "झाड तर भरून मोहरलं होतं, मग एका पेटीसाठी एवढे आढेवेढे?" जणू आंबे मी माळ्यावर लपवलेत.

मोहोराचा एक तुरा हातात धरून बघा. मधला दांडा, त्याला फांद्या, त्यांना पोटफांद्या, टोकाला तीन-तीन फुलं. एका तुऱ्यात हजारभर फुलं सहज निघतात. बहुतेक नर, फळ धरणं त्यांच्या नशिबातच नाही. ज्या फुलात मोहरीहून बारीक हिरवट मणी दिसेल, तेच धरणार. त्यातही पाच केसरांपैकी पराग बहुधा एकातच. तो माश्यांनी वाहायचा, आणि नेमके तेव्हाच आम्ही मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांसाठी औषधाचा पंप घेऊन उभे. तुऱ्याला एखाददुसरा आंबा टिकला तरी मी खूश.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी एका वर्षी फसलो. जानेवारीअखेर कणी, म्हणजे नुकतं धरलेलं फळ, वाटाण्याएवढी झाली होती. दलालाकडून आगाऊ उचल घेऊन ती खर्चही झाली होती. मग पुन्हा थंडी पडली आणि त्याच काड्यांवर नवा मोहोर फुटला. मी हरखलो. आईला म्हटलं, यंदा दुप्पट! ती वर बघत म्हणाली, "झाड खुळावला काय रे?"

आठवडाभरात वाटाणे पिवळे पडून गळायला लागले. झाडाचं अन्न नव्या फुलांकडे वळलं, जुन्या कणीला उरलं नाही. सकाळी कातळावर पाऊल टाकलं की चपलेखाली कुरकुरायचं. आई खराट्यानं ढीग लावायची. मी ढिगाकडे न बघता मोहोराकडेच बघत राहायचो. पुढे त्या मोहोरावरही भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली.

असा पुनर्मोहोर टाळायला जिबरेलिक आम्ल या संप्रेरकाचा फवारा, ५० पीपीएम म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम, हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं सांगणं मला माहीत होतं. पण मोहोर थांबवायला पैसे कोण घालतो, असं तेव्हा वाटलं. मूर्खपणा, कबूल. पण पुढे एका वर्षी वेळेवर फवारलं, तरी गळ झालीच, जरा कमी. मग माझा दोष किती आणि थंडीचा किती? आई म्हणते, तुझाच. मी अजून वाद घालतो.

यंदा मोहोर बरा आहे. फोटो काढा. पेटीचं मेमध्ये बघू.